सरस्वतीबाईंचं फॉल-पिको

मैसूरला बदली होऊन आलो तेव्हा सरस्वतीपुरममध्ये आम्हाला जागा मिळाली ती शेषगिरी टेलर्सच्या डोक्यावर. खाली रस्त्याला लागून दुकान, मागे शेषगिरींचं बिऱ्हाड, वर आम्ही नवरा-बायको. मी हेब्बाळच्या एका कारखान्यात, देवश्री तिकडेच एका सॉफ्टवेअर कंपनीत. घर बघायला गेलो त्या दिवशी मी दुकानात उभा राहून मोडक्या इंग्रजीत पाण्याच्या वेळा विचारत होतो, तेवढ्यात मागच्या खोलीतून खणखणीत आवाज आला, "शेषा, मराठी माणसं आहेत रे ती! बसा म्हण की. सुम्ने, उगीच उभं करून ठेवलास."

सरस्वतीबाईंची आणि आमची पहिली ओळख ती अशी, भिंतीआडून.

त्यांच्या घराण्यात मराठी कधीपासून आहे आणि मैसूर कधीपासून, हे त्यांनाही नक्की सांगता येत नाही. देवघरात विठ्ठल, ताटात रागी मुद्दे, म्हणजे नाचणीचे उंडे, आणि तोंडात दोन्ही भाषा एकदम. माहेर कृष्णराजनगरचं, शिंपीकामातलंच. लग्न होऊन मैसूरला आल्या आणि चाळीस-एक वर्षं नवऱ्याच्या दुकानासाठी काजं करत, हात-शिलाई घालत बसल्या. नवरा गेला, मुलानं दुकान सांभाळलं, आणि मग बाईंच्या दोन्ही डोळ्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. त्यानंतर शेषगिरींनी त्यांच्या हातातली सुई काढून घेतली ती कायमची. "आता आराम कर, अम्मा," म्हणाले.

आराम ही गोष्ट बाईंना येत नव्हती. त्या दुकानात येऊन बसायच्या आणि गिऱ्हाइकांना तोंडावर सांगायच्या, "हा रंग तुला नको रे, कावळ्यासारखा दिसशील." दोन-तीन गिऱ्हाइकं रागावून गेल्यावर शेषगिरींनी हात जोडले. शेवटी त्यांची मुलगी स्पंदना हिनं मार्ग काढला. घरात बिलांसाठी घेतलेला एक कॉम्प्युटर होता. त्यावर तिनं आजीला एक गेम लावून दिला.

गेमचं नाव 'लकी लेन'. त्यात तुम्हाला एक जुनं, बंद पडलेलं व्हिडिओ गेमचं पार्लर मिळतं. ते झाडायचं, पुसायचं, एकेक मशीन आणून मांडायचं, गिऱ्हाइकं आली की त्यांना टोकन द्यायचं, मशीन बिघडलं की दुरुस्त करून घ्यायचं, आणि असं करत पार्लर मोठं करायचं. म्हणजे गेमचं दुकान चालवण्याचा गेम. पडद्यावरची गिऱ्हाइकं खेळतात, आपण हिशेब आणि केरवारा बघायचा. मला हे देवश्रीनं पहिल्यांदा समजावलं तेव्हा मी म्हटलं, दिवसभर ऑफिसात काम करून घरी येऊन पुन्हा काम? ती म्हणाली, "तुला नाही कळायचं, अरुण." ते खरं आहे. मला अजूनही कळलेलं नाही.

बाईंना मात्र लगेच कळलं. त्यांनी आठवड्याभरात पार्लर लखलखीत केलं. "इथं कुणी बगलेत घट्ट होतं म्हणत नाही," हे त्यांचं पहिलं मत. पण त्यांनी दुकान चालवलं ते त्यांच्या पद्धतीनं. मशिनं एकमेकांपासून लांब मांडली, पोरींना धक्का लागू नये म्हणून. एकादशीला पार्लर बंद. त्या गेममध्ये हिरव्या केसांचा एक पोरगा सारखा येतो. तो शाळा बुडवून येतो असा बाईंना संशय. म्हणून सकाळी दहा ते दुपारी चार पार्लर बंद. उत्पन्न बुडायचं, पण बाई म्हणायच्या, "परवागिल्ला. पोराचं वर्ष बुडण्यापेक्षा बरं."

देवश्री तोच गेम खेळायची. तिचा एक व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप होता, 'मैसूर मराठी गेमर्स'. महाराष्ट्र मंडळाच्या गणपतीत ओळख झालेली ही पाच-सहा मंडळी. ग्रुपचा प्रमुख अमेय, मूळचा नाशिकचा, गंभीर चेहऱ्याचा. नागपूरचा जय, सतत भुकेला. आणि चैत्राली, जिला काहीही सांगितलं तरी आधी हसू येतं. देवश्रीनं सरस्वतीबाईंना त्या ग्रुपात घेतलं. नंबर दुकानाच्या जुन्या फोनचा होता, त्यामुळे ग्रुपात नाव उमटलं 'शेषगिरी टेलर्स'. गेममध्येही स्पंदनानं तेच नाव दिलेलं होतं.

बाईंना टाइप करता येत नाही. त्या बोलून निरोप पाठवतात. आणि त्यांच्या घरातल्या सगळ्याच बायका स्वतःबद्दल 'मी जातो, मी करतो' असं बोलतात. त्यात बाईंचा आवाज घोगरा. पहिला निरोप गेला, "नमस्कार बाळांनो, मी पण खेळतो. माझी सात मशिनं आहेत, एक रडतंय." त्यावर अमेयनं अदबीनं लिहिलं, "स्वागत आहे काका." महिनाभर त्या ग्रुपात काकाच होत्या. एकदा जयनं विचारलं, "काका, काकू ओरडत नाहीत का इतका वेळ खेळता म्हणून?" बाई म्हणाल्या, "काकू कोण रे? आमचे हे जाऊन बारा वर्षं झाली." जयला तो सगळा दिवस कसलातरी मोठा घोटाळा वाटत राहिला. शेवटी देवश्रीनं उलगडा केला, आणि चैत्राली म्हणे ऑफिसच्या जिन्यात बसून हसली.

आता मुख्य भानगड.

अशा गेमांमध्ये एक पद्धत असते. मूळ गेम तुम्ही घेतलेला असतो, पण कंपनी मागाहून त्याला जोडायचा एखादा नवा भाग काढते, आणि त्याचे वेगळे पैसे. पोरं त्याला डीएलसी म्हणतात. हे बाईंना समजावताना देवश्री खूप वेळ काहीतरी डाउनलोड, कंटेंट वगैरे म्हणत होती. बाईंनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "म्हणजे फॉल-पिको. साडी घेतली तरी फॉल-पिकोचं वेगळं." त्या दिवसापासून ग्रुपात डीएलसी हा शब्द बंद झाला. सगळे फॉल-पिको म्हणू लागले. जयनं तर एका परदेशी खेळाडूला इंग्रजीत लिहिताना तो शब्द वापरला आणि बराच वेळ समजावत बसला.

'लकी लेन'चं नवं फॉल-पिको आलं, 'जत्रा मैदान'. पार्लरच्या मागचं दार उघडायचं की तिकडे जत्रा: नेमबाजीचा ठेला, फिरते घोडे, आणि मधोमध मोठा थोरला आकाशपाळणा. चित्रं सुरेख होती. पण कंपनीनं एक लबाडी केली. मूळ गेममध्ये बॉब नावाचा एक म्हातारा मेकॅनिक होता. मशीन बिघडलं की हाक मारायची, तो यायचा, फुकट दुरुस्त करून जायचा. बाई त्याला बाबण्णा म्हणायच्या. नव्या भागाबरोबर बाबण्णा पार्लरमधून नाहीसा झाला आणि जत्रेत जाऊन बसला. ज्यांनी जत्रा विकत घेतली त्यांनाच बाबण्णा.

ग्रुप पेटला. रविवारी सगळे आमच्या घरी जमले. अमेयनं मोबाईलवर मुद्दे काढून आणले होते. पण बाईंपुढे त्याचं काही चाललं नाही. त्या आमच्या झोपाळ्यावर बसून म्हणाल्या, "बाबण्णा आपला माणूस. आपल्याच माणसाला उचलून नेतात आणि आपल्यालाच विकतात? हा काय न्याय? कुणी घ्यायचं नाही. बेडा म्हणजे बेडा!"

"कंपनीला पत्र लिहायचं," अमेय म्हणाला.

"लिही. पण आधी शपथ. बाबण्णा परत येईपर्यंत जत्रेत पाऊल टाकायचं नाही."

सगळ्यांनी हात पुढे केले. मी खेळत नसताना माझाही हात धरून त्यात ठेवला गेला. जयनं 'सरस्वतीबाई आगे बढो' असं ओरडून शेजारच्या निवृत्त प्राध्यापकांना गॅलरीत आणलं.

हे रविवारी. गुरुवारी बाई फुटल्या.

त्याचं सविस्तर वर्णन मला शेषगिरींनी दिलं. दुपारची वेळ. ते एका भारदस्त गिऱ्हाइकाच्या पोटाचं माप घेत होते, तोंडात टाचण्या. आतून हाक आली, "शेषा, तुझ्या फोनवर एक नंबर आलाय बघ. सांग स्वल्प."

शेषगिरींना वाटलं, गॅसच्या सिलिंडरचा. हल्ली सिलिंडरवाल्यालाही नंबर सांगावा लागतो. त्यांनी टाचण्यांमधून नंबर सांगितला. आतून, "पुन्हा सांग, नीट." त्यांनी टाचण्या काढून नीट सांगितला. गिऱ्हाइकानंही कौतुकानं मान हलवली. संध्याकाळी त्यांनी बायकोला विचारलं, सिलिंडर कुठे ठेवलास, तेव्हा घरात कुणाला काही कळेना.

पण ग्रुपाला दुपारीच कळलं होतं. त्या गेममध्ये एक सोय आहे. आपले मित्र या क्षणी काय खेळतायत ते नावापुढे दिसतं. अमेय जेवणाच्या सुट्टीत डबा खाता खाता बघतो, तर नावापुढे हिरवा ठिपका आणि शब्द: 'शेषगिरी टेलर्स, जत्रा मैदान'. त्यानं पडद्याचा फोटो ग्रुपात टाकला. खाली एक अक्षर लिहिलं नाही.

चैत्रालीनं नुसती प्रश्नचिन्हं पाठवली, ओळभर. जयनं लिहिलं, "बाई???" बाई वाचत नव्हत्या, त्या जत्रेत होत्या. चार वाजता स्पंदना कॉलेजातून आली आणि तिनं आजीला फोन दाखवला. मग बाईंचा निरोप आला. देवश्रीनं तो मला इतक्यांदा ऐकवलाय की मला पाठ आहे.

"अय्यो, ते मी नाही रे बाळांनो. तो शेषा खेळतो."

आणि त्याच निरोपात मागून शेषगिरींचा आवाज: "मी? मला माऊस धरता येत नाही, अम्मा!"

पुढचा निरोप पाच मिनिटांनी. "मांजर चढलं होतं की-बोर्डवर."

त्यानंतरचे दोन दिवस बाई आमच्या जिन्याकडे फिरकल्या नाहीत. एरवी सकाळी दूधवाला आला की खालून गेममधल्या उत्पन्नाचा आकडा ओरडून सांगायच्या, तेही बंद. देवश्रीला वाईट वाटत होतं. पण अमेयनं रविवारी पुन्हा बैठक ठेवली होती. "तत्त्वाचा प्रश्न आहे," असं त्यानं लिहिलं होतं.

रविवारी सगळे आले. बाई सगळ्यांत शेवटी आल्या, हातात मोठा डबा, त्यात चौ-चौ भात, म्हणजे अर्धा तिखट उप्पिट आणि अर्धा गोड शिरा. आज झोपाळ्यावर बसल्या नाहीत. दाराजवळच्या खुर्चीवर बसल्या. जयची नजर डब्यावर, पण अमेयनं त्याला डोळ्यांनीच दाबलं.

"बाई," अमेय म्हणाला, "आम्हाला राग नाही आलाय. पण शपथ तुम्हीच घातली होती."

"मीच घातली. मीच मोडली. मांजर नाही आमच्याकडे."

"मग का घेतलंत? बाबण्णासाठी?"

बाईंनी पदर सारखा केला. "बाबण्णाचं नाव सांगितलं असतं तर तुम्ही सोडलं असतं मला. पण खोटं किती बोलू? मी त्या आकाशपाळण्यासाठी घेतलं."

आणि मग त्यांनी सांगितलं. लग्नानंतरच्या पहिल्या दसऱ्याला नवरा त्यांना दसऱ्याचं एग्झिबिशन दाखवायला घेऊन गेला. नवी नवरी, नवी साडी. दोघं आकाशपाळण्यात बसली. पाळणा पार वर गेला आणि करंट गेला. "मी म्हटलं, बरं झालं, निवांत बघू. तिथून चामुंडीच्या टेकडीवरचे दिवे दिसत होते. पण आमचे हे घाबरले. सासूबाईंच्या नावानं ओरडायला लागले, 'अव्वा! अव्वा!' खाली सगळं मैसूर वर बघतंय. मला हसू आवरेना. मी त्यांच्याकडेच बघून हसत बसलो, आणि करंट आला, पाळणा खाली. दिवे बघायचे राहिलेच. त्यावर ते जे रुसले! दरवर्षी एग्झिबिशनला न्यायचे, चुरमुरी खाऊ घालायचे, पण पाळण्याकडे पाठ करून. मरेपर्यंत. आता माझे गुडघे असले, डोकं गरगरतं. मला खऱ्या पाळण्यात कोण बसवतो? या फॉल-पिकोत आपण स्वतः पाळण्यात बसून वर जाऊ शकतो असं स्पंदना म्हणाली. मग राहवलं नाही."

चैत्रालीसुद्धा हसत नव्हती. "मग?" जयनं हळूच विचारलं, "दिसलं का काही वरून?"

"समुद्र दिसतो. छान आहे. पण दिवे नाहीत."

अमेयला भरून आलं होतं, ते स्पष्ट दिसत होतं. पण तो प्रमुख. तो आवाज चढवून म्हणाला, "ते सगळं खरं, बाई. पण घेऊन फायदा काय झाला? त्यांनी जत्रा धड केलेली पण नाही. बाबण्णाला हाक मारली तर आधी तो चहा मागतो. चहा दिला नाही तर पाळण्याखाली जाऊन झोपतो. त्याला उठवायला तीनदा घंटा वाजवावी लागते!"

बाई त्याच्याकडे बघत राहिल्या. मोतीबिंदू काढलेले ते डोळे आता फार स्वच्छ झालेत.

"अमेय," त्या म्हणाल्या, "चहाचं तुला कुणी सांगितलं?"

अमेयचा चेहरा साबणाच्या पाण्यात घातलेल्या कापडासारखा झाला. जय त्याच्या मदतीला धावला. "व्हिडिओ असतात ना बाई नेटवर. आम्ही व्हिडिओत बघितलं. दोनदाच वाजवावी लागते घंटा, याला नीट माहीत पण नाही."

"दोनदा नाही, तीनदा," अमेय सवयीनं म्हणाला.

"दोनदा! तू हळू वाजवत असशील."

इथे चैत्रालीचा बांध फुटला. ती सोफ्यावर आडवी होऊन हसायला लागली, आणि हसता हसता म्हणाली, "मी चहा नाही देत त्याला, कॉफी देते. लवकर उठतो."

मी देवश्रीकडे पाहिलं. ती उप्पिटात शिरा कालवत होती, जे कोणताही शुद्धीवरचा माणूस करत नाही. मला एकदम आठवलं, सोमवारपासून ती रोज संध्याकाळी कानात हेडफोन घालून गॅलरीत 'क्लायंटचा कॉल' घेत होती, आणि मधेच घंटा वाजायची.

"देवश्री, तूसुद्धा?"

"फक्त घोड्यांसाठी," ती ताटात बघत म्हणाली.

थोडक्यात, शपथ घेतल्यापासून दोन दिवसांच्या आत बाकी सगळ्यांनीही जत्रा विकत घेतली होती. प्रमुख अमेय तर त्याच रात्री. मी एकटाच शपथेला जागलो होतो, कारण मला खेळता येत नव्हतं.

"पण मग," बाई गोंधळून म्हणाल्या, "तुमचं नाव दिसलं कसं नाही? माझं एकटीचंच दिसलं?"

अमेयनं मान खाली घातली. "एक बटण असतं, बाई. ते दाबलं की आपण खेळतोय हे कुणाला दिसत नाही."

"लपायचं बटण?"

"हो."

आता बाई उठल्या. मला वाटलं, शपथ मोडल्याबद्दल झाडणार. पण त्यांचं दुःख वेगळंच होतं. "इतके महिने मी तुमच्या ग्रुपात आहे," त्या कमरेवर हात ठेवून म्हणाल्या, "मशीन कसं मांडायचं शिकवलं, टोकनचा भाव कसा ठेवायचा शिकवलं, आणि लपायचं बटण कुणी शिकवलं नाही? म्हातारीला एकटीला पकडून द्यायला ठेवलं होतं काय रे?"

"चुकलं, बाई," अमेय म्हणाला, आणि खरोखर खाली वाकून पाया पडला. त्याच्या मागून जयही वाकला, पण त्याचा हात वाटेत डब्यावर थांबला.

"आयतु, आयतु, झालं ते झालं. खा आधी. थंड झालं सगळं."

त्या दुपारी पत्र लिहिलं गेलं. बाई बोलत होत्या, देवश्री इंग्रजी करत होती. बाबण्णा सगळ्यांना परत द्या, तो आमच्या घरचा माणूस आहे, शिवाय पाळण्याच्या वरून एखादी टेकडी आणि तिच्यावर दिवे दिसले तर बरं. खाली सगळ्यांची नावं. कंपनीचं उत्तर आलं, आभारी आहोत, एवढंच. पण दीड-दोन महिन्यांनी बॉब मूळ गेममध्ये परत आला. जगभरातून बोंब झाली होती म्हणे, आमच्या पत्रानं काही झालं असं नाही. टेकडी मात्र आली नाही. बाई म्हणाल्या, एवढ्या लांबच्या लोकांना चामुंडी कशी ठाऊक असणार?

जत्रेचे पैसे आपल्याच खात्यातून गेले हे कळल्यावर शेषगिरींनी त्या सिलिंडरच्या नंबरावरून दोन दिवस आईशी अबोला धरला. मग त्या हिरव्या केसांच्या पोराचे कपडे कसे शिवलेत ते बघायला म्हणून पडद्याशी वाकले, आणि खांद्याची शिलाई चुकलीय असं म्हणून परत गेले. तेवढ्यानं घरात बोलणं सुरू झालं.

अमेयनं बाईंना ते बटण शिकवलं. एका संध्याकाळी मुद्दाम येऊन, शेजारी बसून. बाईंनी चार-पाच वेळा दाबून पाहिलं, ठिपका गेला, ठिपका आला. मग खूष होऊन ठिपका घालवून खेळायला बसल्या. आठवडाभर बाई कुणाला दिसल्या नाहीत. एरवी दुपारी जेवणाच्या सुट्टीत ठिपका दिसला की 'बाई आल्या का?' असं कुणीतरी विचारायचं, तेही बंद झालं.

मग एक दिवस मी रजेवर घरी होतो. पोस्टमननं खाली ठेवलेलं पाकीट आणायला गेलो, तर बाई कॉम्प्युटरपुढे बसून भिंगातून काहीतरी शोधत होत्या.

"काय हरवलं?" मी विचारलं.

"ते लपायचं बटण. काढायचंय."

"का? जमलं होतं की."

"अरे अरुण, दुपारचं कुणी 'बाई आल्या का' म्हणत नाही, 'सात मशिनं कशी आहेत' म्हणत नाही. आणि लपून लपून खेळायला मी काय बिडी ओढतो?"

मला ते बटण सापडेना, मला त्यातलं काय कळणार? शेवटी स्पंदना येईपर्यंत आम्ही दोघं पडद्यावरचं दिसेल ते दाबत बसलो. त्यात माझ्या हातून त्यांचं एक मशीन विकलं गेलं. बाईंनी मला 'परवागिल्ला' म्हटलं, पण त्यानंतर मी दुकानाच्या आत गेलो की त्या माऊस उचलून मांडीवर घेतात.